पागडीचा हेडसेट

पोस्ट मोठी आहे, आधीच सांगतो. गेमिंगशी तुमचा काडीचा संबंध नसला तरी घरात दहा-बारा वर्षांचं पोर असेल तर वाचा. हा हट्ट आज ना उद्या तुमच्याही दारात येणार आहे.

झालं असं, गेल्या आठवड्यात नाशिकहून ताईचा फोन आला. भाचा अकरा वर्षांचा. सहामाहीला गणितात नव्वदच्या वर मार्क आणलेस तर व्हीआर हेडसेट घेऊन देईन, असं भावोजी बोलून बसले होते. त्यांना वाटलं, आणतोय कसले! पठ्ठ्याने त्र्याण्णव आणले. आता भावोजी गप्प आहेत, भाचा रोज आठवण करून देतोय आणि ताईने चेंडू माझ्याकडे टोलवलाय. "तू गेमर ना? मग तूच सांग, घ्यायचा का? आणि तो फेसबुकवाल्यांचा असतो म्हणे, खरंय का ते?"

खरंय. डोळ्यांवर बांधायचा तो डबा, जो घातला की खोली गायब होते आणि तुम्ही थेट खेळाच्या आत उभे राहता, त्यातला सामान्य माणसाच्या आवाक्यातला डबा म्हणजे क्वेस्ट. आणि क्वेस्ट मेटाचा, म्हणजे पूर्वीच्या फेसबुकचा. (हो, हे सगळं मी फेसबुकवरच लिहितोय. हा विनोद माझ्याही लक्षात आलाय, कमेंटमध्ये पुन्हा सांगू नका.)

रविवारी मी ताईचा प्रश्न आमच्या टोळक्यात टाकला. आम्ही पाच-सहा जण, सगळे चाळिशीकडे झुकलेले, सायबर कॅफेत तासाला वीस रुपये देऊन काउंटर-स्ट्राइक खेळत मोठे झालेले. प्रश्न टाकला आणि चहा गार होईपर्यंत भांडण पेटलं. एकाकडे क्वेस्ट आहे. तो म्हणाला, "मला गेम खेळायचाय रे, मालकाची पत्रिका नाही जुळवायची. बाकीचे हेडसेट घ्यायला गेलास तर वर लाखाचा पीसी लागतो. हा घे, चार्ज कर, खेळ. मेटाने स्वस्त केला नसता तर व्हीआर कधीच मेलं असतं." दुसरा पीसीवाला, तत्त्वनिष्ठ. तो म्हणाला, "चार-चार कॅमेरे असलेला डबा डोक्याला बांधून तू घरभर फिरतोस, आणि ते कॅमेरे कुणाचे? ज्यांचा धंदाच लोकांवर नजर ठेवून जाहिराती विकायचा आहे त्यांचे!" त्यावर पहिला शांतपणे म्हणाला, "आणि हा वाद घालायला आपण जमलो ते कुठल्या ग्रुपवर ठरवून? व्हॉट्सॲप कुणाचं?" पुढची दोन मिनिटं फक्त बिस्किटांचा आवाज.

मला विचाराल तर दोघंही अर्धे बरोबर आहेत, आणि दोघंही चुकीच्या गोष्टीवर भांडतायत. मेटा चांगली की वाईट, हा वाद कॉलेजात ठीक होता. मला यातली खरी गोची वेगळी वाटते. ती समजायला थोडं मागे जावं लागेल.

२०१२ सालची गोष्ट. कॅलिफोर्नियातला पामर लकी नावाचा एकोणीस वर्षांचा पोरगा घरच्या गॅरेजमध्ये हेडसेट जोडत बसला होता. ऑक्युलस रिफ्ट हे नाव. ऑगस्टमध्ये त्याने किकस्टार्टरवर लोकांकडे अडीच लाख डॉलर मागितले. साडेनऊ हजारांच्या आसपास लोकांनी मिळून चोवीस लाखांहून जास्त दिले. का दिले? कारण नव्वदच्या दशकातला व्हीआरचा फुगा फुटलेला त्यांनी पाहिला होता, कुठलीच मोठी कंपनी या भानगडीत पडत नव्हती आणि हा पोरगा आपल्यातलाच वाटत होता. शिवाय जॉन कार्मॅक त्याच्या पाठीशी उभा राहिला. तोच तो, डूम आणि क्वेकवाला, ज्याच्यामुळे आमची पिढी वाया गेली असं आमच्या आयांचं ठाम मत आहे. २०१३ मध्ये कार्मॅक ऑक्युलसमध्ये रुजूही झाला. थोडक्यात, गावाने वर्गणी काढून तालीम बांधावी तसं ते काम होतं.

आणि २५ मार्च २०१४ ला बातमी आली की फेसबुकने ऑक्युलस दोन अब्ज डॉलरना घेतली. तेव्हाच्या भावाने बारा हजार कोटी रुपये.

त्या रात्रीचा संताप मला आठवतो. मी एक रुपया दिला नव्हता, तरी मलाच कुणी फसवल्यासारखं वाटलं होतं. ज्यांनी तीनशे-तीनशे डॉलर दिले होते त्यांचं काय झालं असेल! माइनक्राफ्ट बनवणारा मार्कस पर्सन, म्हणजे नॉच, याने स्वतः दहा हजार डॉलर घातले होते. त्याने जाहीर केलं की माइनक्राफ्ट ऑक्युलसवर आणायची बोलणी आता बंद, फेसबुकची मला धास्ती वाटते. गेमर लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. आणि सहाच महिन्यांनी, सप्टेंबरमध्ये, याच नॉचने आपली कंपनी माइनक्राफ्टसकट मायक्रोसॉफ्टला अडीच अब्ज डॉलरना विकली. मी हे त्याला हिणवायला सांगत नाहीये. आपल्याला कुणी अडीच अब्ज देऊ केले तर आपण काय करू, ते आपल्याला ठाऊक आहे. सांगायचंय ते हे की ज्याने पोटतिडकीने विरोध केला त्यानेही शेवटी विकलंच.

बरं, वर्गणी देणाऱ्यांना कायद्याने काहीच मागता येत नव्हतं. किकस्टार्टरवर तुम्ही पैसे देता त्याचे शेअर मिळत नाहीत, वस्तू मिळते. वस्तू मिळाली होती. उलट २०१६ मध्ये सहाशे डॉलरचा पहिला रिफ्ट बाजारात आला, तेव्हा किकस्टार्टरवर हेडसेट घेतलेल्यांना कंपनीने तो फुकट दिला. म्हणजे व्यवहार म्हणून बघाल तर चोख. पण लोकांनी व्यवहार म्हणून पैसे दिलेच नव्हते, तिथेच सगळं बिनसलं.

आता मुद्द्याची गोष्ट. विक्रीनंतर लोक चिडले तेव्हा लकीने त्यांना जाहीरपणे शब्द दिला होता की रिफ्ट वापरायला दर वेळी फेसबुकचं लॉगिन लागणार नाही. मला वाटतं तो मनापासून बोलत होता. पण मार्च २०१७ मध्ये लकी कंपनीतून बाहेर पडला. ऑगस्ट २०२० मध्ये कंपनीने जाहीर केलं की ऑक्टोबरपासून नव्या ग्राहकांना फेसबुक खातं लागेल, आणि जुनी ऑक्युलस खाती १ जानेवारी २०२३ पर्यंतच चालतील. ऑक्टोबरमध्ये क्वेस्ट २ आला, २९९ डॉलर, आपले बावीस हजारांच्या आसपास. फेसबुक खात्याशिवाय तो सुरूच होत नव्हता. फेसबुकने काही कारणाने तुमचं खातं बंद केलं की डोक्यावरचा डबाही गेला, अशी ती व्यवस्था.

शब्द देणारा माणूस निघून गेला, शब्द हवेत राहिला. घरमालक "काका, काळजी करू नका, तुम्हाला कुणी उठवणार नाही" म्हणतात. मग काका जातात, चाळ बिल्डरकडे जाते. बिल्डर कागद मागतो.

पागडीची उपमा मला इथेच सुचली. मुंबईत जुन्या चाळीत ज्यांनी पागडी भरलीय त्यांना कळेल. भरभक्कम रक्कम तुम्ही देता, रंग तुम्ही काढता, गळती तुम्ही काढता, आणि मालकी दुसऱ्याची. व्हीआर हेडसेटचं तसंच आहे, फक्त एक फरक. पागडीवाल्याच्या पाठीशी निदान भाडे नियंत्रण कायदा उभा आहे. हेडसेटवाल्याच्या पाठीशी काय? "मी सहमत आहे" हे बटण.

ही अट पुढे गेली, हेही सांगायला हवं, नाहीतर अर्धंच सांगितल्यासारखं होईल. ऑगस्ट २०२२ पासून मेटाची वेगळी खाती आली आणि फेसबुकची सक्ती संपली. कशी संपली? जगभरच्या गेमरांनी शिव्या घातल्या, त्याचा थोडा उपयोग झाला असेल. पण जर्मनीत काय झालं ते बघा. तिथल्या स्पर्धा आयोगाने डिसेंबर २०२० मध्ये याच सक्तीची चौकशी सुरू केली. कंपनीने त्याआधीच तिथली विक्री थांबवली होती. दोन वर्षं युरोपातल्या सगळ्यात मोठ्या अर्थव्यवस्थेत क्वेस्ट २ अधिकृतपणे विकला जात नव्हता. खाती वेगळी झाली, त्यानंतरच २०२२ च्या अखेरीला तो तिथल्या दुकानात परतला. गेमरांच्या हजारो संतप्त पोस्टींना जे एकट्याने जमत नव्हतं ते फायली घेऊन बसलेल्या सरकारी बाबूंनी पुढे रेटलं. आमच्या तत्त्वनिष्ठ मित्राला हे अजिबात आवडलं नाही. त्याला सरकार आणि कंपनी दोन्ही सारखेच. "पबजी कुणी बंद केला होता?" म्हणे. मान्य, पण ते वेगळं प्रकरण.

आता स्वस्ताईकडे येऊ, कारण क्वेस्टवाल्या मित्राचा मुद्दा तोच होता आणि तो खोटा नाही. २०१९ मधला व्हॉल्व्हचा इंडेक्स एक हजार डॉलरला होता, वर तगडा पीसी वेगळा. ॲपलचा व्हिजन प्रो २०२४ मध्ये साडेतीन हजार डॉलरला आला. क्वेस्ट ३एस त्याच वर्षी तीनशेला. हा फरक कुठून येतो? झुकरबर्गने २०२१ मध्ये स्वतःच सांगितलं होतं की आम्ही ही उपकरणं खर्चाइतक्या किमतीत किंवा पदरमोड करून विकणार. मेटाच्या ज्या विभागात हे काम चालतं, रिॲलिटी लॅब्ज, त्याचा तोटा कंपनी दर तिमाहीला जाहीर करते. २०२२ मध्ये १३.७ अब्ज डॉलर, २०२३ मध्ये १६.१, २०२४ मध्ये १७.७. ऑक्युलस विकत घेतली ती दोन अब्जांना, आणि आता त्याच्या आठपट-नऊपट पैसा दर वर्षी बुडतोय.

एवढा तोटा कुणी धर्मादाय म्हणून सोसत नाही. आवळा देऊन कोहळा काढायचा असतो. इथला कोहळा म्हणजे पुढचं दुकान. फोनच्या जमान्यात ॲपल आणि गूगल दाराशी बसून प्रत्येकाकडून टोल घेतात, फेसबुकला त्यांच्या अंगणात खेळावं लागतं. पुढचं अंगण आपलं असावं, हा सगळा खटाटोप त्यासाठी. त्यात मला पाप दिसत नाही, धंदा आहे. पण मग "स्वस्त मिळाला" असं न म्हणता "उरलेली किंमत नंतर द्यायचीय" असं म्हणा. आणि नंतरची किंमत ठरवणारा तोच. ऑगस्ट २०२२ मध्ये क्वेस्ट २ शंभर डॉलरने महाग झाला, तोच, जुना, दोन वर्षांपूर्वीचा. इलेक्ट्रॉनिक वस्तू जुनी झाल्यावर महाग झालेली मी तरी आधी फारशी पाहिली नव्हती.

नजरेचा मुद्दा थोडक्यात सांगतो, कारण यावर लोक एक तर घाबरतात किंवा हसतात. बीट सेबर नावाचा खेळ आहे, गाण्याच्या तालावर येणारे ठोकळे हातातल्या तलवारींनी कापायचे. बर्कलीच्या संशोधकांनी २०२३ मध्ये या खेळाच्या पन्नास हजारांहून जास्त खेळाडूंच्या हालचालींच्या नोंदी तपासल्या. फक्त डोकं आणि दोन हात कसे हलतात, एवढंच. शंभर सेकंदांच्या नोंदीवरून माणूस ओळखण्यात त्यांचं यंत्र ९४ टक्के वेळा बरोबर ठरलं. चेहरा नाही, आवाज नाही, नाव नाही. आजी अंधारात पावलांच्या आवाजावरून कोण आलं ते ओळखायची ना, तसं, पण पन्नास हजारांतून. यावरून मेटा हे करतेच, असं मी म्हणत नाही. मी म्हणतोय की हेडसेटमध्ये टोपणनाव घेऊन लपता येत नाही, आणि भाचा अकरा वर्षांचा आहे.

पण मला सगळ्यात जास्त खुपते ती वेगळी गोष्ट. इको व्हीआर नावाचा एक खेळ होता. अवकाशात तरंगत खेळायचा, हॅंडबॉल आणि फ्रिस्बीच्या मधला काहीतरी. ज्यांनी खेळला त्यांना वेड लावलं त्याने. तो बनवणारा स्टुडिओ फेसबुकने २०२० मध्ये विकत घेतला आणि १ ऑगस्ट २०२३ ला खेळ बंद करून टाकला. खेळणारे हजारो लोक तेव्हाही होते. स्वतः कार्मॅकने, तोवर तो कंपनी सोडून गेला होता, जाहीरपणे म्हटलं की खेळणारे थोडे असले तरी त्यांच्या हातातली गोष्ट अशी नष्ट करू नये. पुढच्या वर्षी तो स्टुडिओही बंद झाला. चाहत्यांनी मग स्वतःचे सर्व्हर उभे करून खेळ कसाबसा पुन्हा चालवला.

आणि हे फक्त मेटाचं दुखणं नाही, हे मला आमच्या पीसीवाल्या मित्राला ठासून सांगायचंय. मायक्रोसॉफ्टने २०१७ मध्ये विंडोज मिक्स्ड रिॲलिटी आणलं. एचपी, एसर, लेनोवो, डेल, सॅमसंग अशा बड्या कंपन्यांनी त्यावर चालणारे हेडसेट काढले. डिसेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने सांगितलं की आता हे बंद. २०२४ च्या विंडोजच्या नव्या आवृत्तीतून ते काढूनच टाकलं. भिंगं शाबूत, पडदे शाबूत, तारा शाबूत, आणि नव्या विंडोजवर हेडसेट मात्र ठोकळा. लोकांनी रीतसर दुकानातून, बिल घेऊन घेतलेली वस्तू. त्यात फेसबुक नव्हतं, जाहिराती नव्हत्या, कुणी हेरत नव्हतं. तरी तेच झालं.

म्हणून मी म्हणतो, मालक बदलून प्रश्न सुटत नाही. लकी असो, झुकरबर्ग असो, उद्या तुमचा-आमचा लाडका व्हॉल्व्ह असो. विकलेल्या वस्तूवर विकणाऱ्याचा हात किती काळ आणि किती घट्ट राहणार, ते लेखी ठरलं पाहिजे. ज्या दिवशी कंपनी हात वर करेल त्या दिवशी हेडसेट कुलूप काढून ग्राहकाच्या हवाली करावा, त्यावर कुणालाही हवं ते चालवता यावं. हे अशक्य आहे असं कुणी सांगितलं तर त्याला ऑक्युलस गो दाखवा. २०१८ चा तो छोटा हेडसेट बंद झाल्यावर, कार्मॅकने बराच काळ मागे लागून, ऑक्टोबर २०२१ मध्ये त्याचं कुलूप काढणारं सॉफ्टवेअर कंपनीकडूनच बाहेर आणलं. एकदा झालंय, पुन्हा होऊ शकतं. फक्त तेव्हा ती एका माणसाची मेहेरबानी होती, ती नियम व्हायला हवी. त्याच्या जोडीला, घरात एकट्याने खेळायचा खेळ खातं नसतानाही चालावा, एवढं जरी झालं तरी मी पेढे वाटीन.

"आपल्याला कोण विचारतंय, आपण बाजार तरी केवढा" असं टोळक्यात एकजण म्हणाला. त्याला मी २०१५ची आठवण करून दिली. फेसबुक फ्री बेसिक्स घेऊन आलं होतं, गरिबाला फुकट इंटरनेट म्हणून, पण आम्ही ठरवू त्याच साइट. पानभर जाहिराती आल्या होत्या, आठवतंय? लाखो लोकांनी ट्रायला ईमेल पाठवले, त्यात आम्हीही होतो, ऑफिसच्या कॉम्प्युटरवरून. ८ फेब्रुवारी २०१६ ला ट्रायने तसली वेगवेगळ्या दरांची योजना बंद केली. तेव्हाही लोक म्हणालेच होते, फुकट मिळतंय तर घ्या की. मुलांच्या माहितीबद्दल आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदाही आहे, अठरा वर्षांखालच्या मुलासाठी आईवडिलांची पडताळलेली संमती लागेल असं तो म्हणतो, आणि मुलांवर पाळत ठेवायला, त्यांना हेरून जाहिराती दाखवायला मनाई करतो. तो हळूहळू लागू होतोय. विकलेल्या वस्तूच्या कुलपाबद्दल मात्र त्यात काही नाही, तो विषय ग्राहक कायद्याचा, आणि तिथे अजून कुणी दार वाजवलेलं दिसत नाही.

तर ताईला काय सांगितलं?

घे म्हणालो. भावोजींनी शब्द दिलाय. पोराने त्र्याण्णव आणलेत. कंपन्यांनी शब्द मोडल्याचा राग अकरा वर्षांच्या पोरावर काढायचा नाही, आणि बापाने दिलेला शब्द मोडता येतो हे त्याने आत्ताच शिकायला नको. शिवाय खोटं कशाला बोलू, माझ्याकडेही एक हेडसेट आहे आणि पहिल्यांदा घातला तेव्हा मी दहा मिनिटं नुसता मान वर करून आभाळ बघत बसलो होतो. ते त्यालाही मिळू दे.

पण काही गोष्टी लिहून पाठवल्यात, त्या इथेही देतो. खातं भावोजींच्या खात्याला जोडलेलं, पालकांच्या ताब्यातलं. दहा ते बारा वर्षांच्या मुलांसाठी तशी सोय २०२३ पासून आहे. खेळायचं हॉलमध्ये, दार लावून नाही. आत काय दिसतंय ते ताईच्या फोनवर दिसेल अशी सोय असते, ती चालू ठेवायची. अनोळखी लोक भेटतात ती ॲप्स बंद. कार्ड खात्यात साठवून ठेवायचं नाही. आणि गेमवर जे पैसे घालाल ते सिनेमाच्या तिकिटासारखे घाला, बघितला, मजा आली, संपलं. पाच वर्षांनी ते गेम असतील असं धरून चालू नका.

ताईने सगळं वाचलं आणि एकच विचारलं, "म्हणजे एवढे पैसे देऊन तो आपला होणारच नाही?"

मी म्हटलं, सध्या तरी नाही. ती म्हणाली, "बिलावर तर आपलंच नाव असेल ना रे?"